जाणारा गद्दार, येणारा पाहुणा? विजय हजारे यांच्या बडोदा-गमनाची उलटतपासणी

१/२६
खेळाडूने संघ बदलला की एक शब्द हमखास उगवतो : गद्दार. १ फेब्रुवारी २०२४ रोजी सात वेळचा विश्वविजेता मोटारशर्यतपटू लुईस हॅमिल्टन मर्सिडीज सोडून प्रतिस्पर्धी फेरारी संघात जाणार, हे जाहीर झाले आणि जगभर निष्ठेच्या चर्चेला ऊत आला. एप्रिल २०२५ मध्ये यशस्वी जयस्वालने गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट संघटनेकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले. पुढच्याच महिन्यात त्याने तो विचार सोडला. तरी तेवढ्या अवधीत त्याच्या निष्ठेचा पंचनामा उरकला गेला.

२/२६
इतिहासाची गोडी असलेल्यांनी तरी हा शब्द उच्चारण्यापूर्वी जुने दप्तर उघडून पाहावे. मराठी मुलखातील एका श्रेष्ठ खेळाडूने, आपला संघ लागोपाठ दोनदा अजिंक्य ठरलेला असताना, ऐन भरात तो संघ सोडला आणि प्रतिस्पर्ध्याची वाट धरली. त्या खेळाडूचे नाव विजय हजारे. त्यांचे संघांतर नीट तपासले, तर गद्दारीच्या आरोपाचा एकही खांब उभा राहत नाही.

३/२६
आधी घटनाक्रम. हजारे यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजी सांगलीत, एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. वडील शाळाशिक्षक आणि घरात आठ भावंडे. १९३०च्या दशकात ते महाराष्ट्राकडून खेळले, तसेच मध्य भारत संघाकडूनही खेळले. देवासचे महाराज विक्रमसिंहराव पवार यांनी त्यांना ऑस्ट्रेलियाचा थोर फिरकीपटू क्लॅरी ग्रिमेट याचे मार्गदर्शन मिळवून दिले. म्हणजे त्यांच्या खेळाच्या जडणघडणीतच एका संस्थानाचा हात होता. ही बाब पुढे महत्त्वाची ठरते.

४/२६
१९३९-४०च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध बडोदा हा रणजी सामना झाला. हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. प्रथमश्रेणी क्रिकेटमधील भारतीय फलंदाजाचे हे पहिले त्रिशतक. ज्या गोलंदाजीवर त्या धावा कुटल्या, ती बडोद्याची होती, हे ध्यानात ठेवावे.

५/२६
त्या वेळी महाराष्ट्राचे कर्णधार होते दिनकर बळवंत देवधर, पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयातील संस्कृतचे प्राध्यापक. १९४०-४१ मध्ये, वयाची पन्नाशी जवळ आली असताना, त्यांनी बलाढ्य मुंबईविरुद्ध २४६ धावा काढल्या. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोनदा रणजी करंडक जिंकला. महाराष्ट्राच्या क्रिकेटचे हे सुवर्णयुग होय.

६/२६
आणि १९४१-४२ मध्ये हजारे बडोद्याकडून मैदानात उतरले. महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांच्या संस्थानात त्यांनी नोकरी पत्करली होती. दोन वर्षांपूर्वी ज्यांच्याविरुद्ध त्रिशतक झळकावले, त्यांच्याच तंबूत ते दाखल झाले.

७/२६
परिणाम लगेच दिसला. १९४२-४३ मध्ये बडोद्याने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. पुढे १९४६-४७, १९४९-५० आणि १९५७-५८ मध्येही जिंकला. महाराष्ट्र १९७०-७१, १९९२-९३ आणि २०१३-१४ मध्ये अंतिम फेरीपर्यंत पोहोचला. पण १९४०-४१ नंतर २०२४-२५च्या हंगामापर्यंत करंडक पुन्हा हाती आला नाही. या गोष्टीची हळहळ खरी आहे. खोटा आहे तो हळहळीतून काढला जाणारा निष्कर्ष.

८/२६
पहिला आरोप : ‘पैशासाठी गेले.’ होय, पोटासाठी गेले. त्यात लपवण्यासारखे काय आहे? त्या काळी प्रांतिक क्रिकेट संघटना खेळाडूला पगार देत नसत. देवधरांची चूल महाविद्यालयाच्या वेतनावर पेटत होती, महाराष्ट्र संघाच्या टोपीवर नव्हे. ज्याला प्राध्यापकी नाही, वाडा नाही, जमीन नाही, अशा शिक्षकाच्या मुलाने काय खावे, याचे उत्तर निष्ठेची मागणी करणाऱ्यांनी कधी दिले नाही.

९/२६
त्या पोकळीत संस्थानिक उभे राहिले. नागपूरचे सी. के. नायडू १९२३ मध्ये होळकरांच्या आमंत्रणावरून इंदूरला गेले आणि तेथील फौजेत त्यांना हुद्दा मिळाला. बडोद्याने लाहोरकडचे गुल महंमद आणि आमीर इलाही यांना आणले. १९४४-४५च्या रणजी अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीत नेमणुकीवर आलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकर संघाकडून खेळला आणि त्याने नाबाद २४९ धावा केल्या. तेव्हाच्या भारतीय क्रिकेटमध्ये संघ बदलणे हा अपवाद नव्हता. खेळावर जगण्याचा जवळजवळ तोच एक मार्ग होता.

१०/२६
केवळ पैसाच हेतू असता, तर पैशाचा झरा आटल्यावर माणूस निघून जातो. १ मे १९४९ रोजी बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची राजपदाची मान्यताही गेली. हजारे मात्र १९६०-६१च्या हंगामापर्यंत बडोद्याकडूनच खेळले, म्हणजे एकंदर सुमारे २० वर्षे. १८ डिसेंबर २००४ रोजी त्यांचे निधन झाले, तेही बडोद्यात. भाडोत्री शिपाई मालकाचा खजिना गेल्यावर अर्धशतक त्याच्या गावात राहत नसतो.

११/२६
दुसरा आरोप : ‘महाराष्ट्राची माती सोडली.’ येथे इतिहासाच्या अभ्यासातला सर्वांत जुना दोष डोकावतो, तो म्हणजे आजचा नकाशा कालच्या माणसावर लादणे. १९४१ मध्ये महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते. ते १ मे १९६० रोजी झाले. हजारे जन्मले ती सांगली पटवर्धनांचे संस्थान होती. ‘महाराष्ट्र’ हा तेव्हा, संघापुरता, एका क्रिकेट संघटनेच्या हद्दीचा शब्द होता.

१२/२६
आणि बडोदा काही परमुलूख नव्हता. गायकवाडांची ती राजधानी. १९०९ आणि १९२१ मध्ये मराठी साहित्य संमेलने तेथे भरली. सयाजीराव महाराजांनी ज्या तरुण भीमराव आंबेडकरांना १९१३ मध्ये शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात धाडले, त्यांना ‘महाराष्ट्राबाहेरून मदत घेतली’ असे कोणी म्हणत नाही. एका मराठी संस्थानात जन्मलेला माणूस दुसऱ्या मराठी संस्थानात नोकरीला गेला. याला देशांतर म्हणायचे असेल, तर पेशवाईतील निम्मी घराणी देशोधडीला लागलेली ठरतील.

१३/२६
क्रिकेटचा नकाशा आजही किती कृत्रिम आहे, ते रत्नागिरी जिल्ह्यातील पोफळी गावावरून कळते. महाराष्ट्र राज्यात रणजीचे तीन संघ आहेत : मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. रत्नागिरी जिल्हा पुण्याच्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या हद्दीत येतो. पोफळीचा मुलगा उद्या चमकला, तर कुंभार्ली घाट चढून पुण्याच्या वाटेला लागणे त्याच्या नशिबी कागदोपत्री लिहिलेले आहे.

१४/२६
पण कोकणच्या जगण्याची वाट मुंबईची. येथल्या गावागावांतील माणसे पिढ्यान्‌पिढ्या परळ-लालबागच्या गिरण्यांत राबली, चाळींच्या खोल्यांत दाटीवाटीने राहिली आणि घरी मनीऑर्डर धाडत राहिली. गणपतीला आणि शिमग्याला ती गावी परतत. त्यांना गावाने नाव दिले ‘चाकरमानी’; या शब्दात चाकरीसोबत मानही आहे. गाव सोडून गेला म्हणून चाकरमान्याला फितूर ठरवणारे गाव कोकणात शोधून सापडणार नाही. हजारे हे क्रिकेटचे चाकरमानी होते, इतकेच.

१५/२६
पोफळी आणखी एका गोष्टीसाठी ठाऊक असते. कोयना ही कृष्णेची उपनदी. कराडला तिला मिळून पूर्वेकडे, बंगालच्या उपसागराकडे जाणारी. १९६२ पासून तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यातून पोफळीच्या भूमिगत वीजगृहात उतरू लागले आणि वाशिष्ठीवाटे अरबी समुद्राला मिळू लागले. पाणी बाजू बदलून घाटाखाली आले ते उताराच्या बळावर, आणि उतार तयार केला माणसांनी. खेळाडूही असाच जातो. उतार कोणी आखला, हे न विचारता पाण्याला दोष देण्यात अर्थ नाही.

१६/२६
‘ज्या मातीत जन्मला, त्याच संघाकडून खेळावे’ या आग्रहाचे टोक कोठे जाते, तेही भारताने पाहिले आहे. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपीय आणि ‘इतर’ असे संघ असत. तेथे कोणी संघ बदलू शकत नव्हते, कारण संघ धर्मावरून ठरे. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी अशा जातीय सामन्यांना विरोध नोंदवला. १९४५-४६ नंतर ही स्पर्धा थांबली.

१७/२६
हजारे ख्रिस्ती म्हणून ‘इतर’ संघात. १९४३-४४च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाविरुद्ध ‘इतर’ संघाने दुसऱ्या डावात ३८७ धावा केल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजारे यांच्या. भाऊ विवेक यांच्यासोबत त्यांनी ३०० धावांची भागीदारी रचली, त्यात विवेक यांचा वाटा होता २१. सामना ते हरलेच. जन्माने नेमून दिलेल्या संघात एवढे झुंजणाऱ्या माणसाला कोणी निष्ठा शिकवावी? आणि जन्माने लादलेल्या संघापेक्षा कामाने जोडलेला संघ हलका का मानावा?

१८/२६
तिसरा आरोप : ‘ही फितुरीच.’ मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकांना फितुरीचा अर्थ ठाऊक असतो. एका पक्षाचे अन्न खात दुसऱ्याचे काम करणे, किल्ल्यात राहून दोर खाली सोडणे, म्हणजे फितुरी. हजारे जोवर महाराष्ट्राचे होते तोवर त्यांनी बडोद्याला ३१६ धावांचा मार दिला. ते उघड गेले, आणि जाताना महाराष्ट्राच्या कपाटात दोन करंडक होते. यात फितुरीची एकही खूण नाही.

१९/२६
ज्यांचा दाखला हटकून दिला जातो ते नेताजी पालकर पाहावेत. शिवाजी महाराजांचे सरनौबत १६६६ मध्ये आदिलशाहीकडे गेले, पुढे मोगलांकडे. त्यांचे धर्मांतर झाले, महंमद कुलीखान हे नाव मिळाले. तेथे प्रश्न राज्याच्या जगण्या-मरण्याचा होता. तरीही १६७६ मध्ये ते परतले, तेव्हा महाराजांनी त्यांना पुन्हा पदरी घेतले. रणांगणावरील पक्षांतराबाबत जे औदार्य सतराव्या शतकाने दाखवले, ते क्रीडांगणावरील संघांतराबाबत एकविसावे शतक दाखवू शकत नसेल, तर दोष इतिहासाच्या वाचनाचा आहे.

२०/२६
आता दुटप्पीपणा. महाराष्ट्र क्रिकेटचा सर्वांत मिरवला जाणारा विक्रम म्हणजे भाऊसाहेब निंबाळकर यांच्या नाबाद ४४३ धावा, डिसेंबर १९४८, पुणे, काठियावाडविरुद्ध. तेव्हा त्यांच्यापुढे जगात केवळ ब्रॅडमनच्या नाबाद ४५२ धावा होत्या. राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी सामना सोडून दिला आणि तो विक्रम हुकला. हेच कोल्हापूरचे निंबाळकर बडोदा, होळकर, राजस्थान, रेल्वे यांच्याकडूनही खेळले. त्यांना कोणी संघबुडवे म्हणत नाही. म्हणू नयेच, पण मग हजारे यांना वेगळा न्याय कशासाठी?

२१/२६
येणाऱ्यांच्या बाबतीत तर निष्ठेचा प्रश्नच निघत नाही. विनू मांकड यांच्या संघांच्या यादीत नवानगर, गुजरात, बंगाल, मुंबई, राजस्थान आहेत, तसा महाराष्ट्रही आहे. २०२५ मध्ये पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला, त्याचे पुण्यात स्वागतच झाले. आजच्या नियमांनुसार प्रत्येक राज्यसंघाला बाहेरचे तीनपर्यंत खेळाडू घेता येतात. येणारा पाहुणा आणि जाणारा गद्दार, हा न्याय नव्हे. ही फक्त दाराच्या कोणत्या बाजूला उभे आहोत याची नोंद आहे.

२२/२६
मोटारशर्यतींच्या जगात हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. अर्जेंटिनाच्या हुआन मान्युएल फांजिओने पाच विश्वविजेतीपदे मिळवली, ती चार संघांकडून : १९५१ अल्फा रोमियो, १९५४ मासेराटी आणि मर्सिडीज, १९५५ मर्सिडीज, १९५६ फेरारी, १९५७ पुन्हा मासेराटी. पण १९५१ नंतर अल्फा रोमियोने आणि १९५५ नंतर मर्सिडीजने शर्यतींतून स्वतःच अंग काढून घेतले होते. कारखान्याने गाशा गुंडाळला तर तो ‘व्यावसायिक निर्णय’, आणि चालकाने दुसरी गाडी शोधली तर तो कृतघ्न, अशी ही भाषा आहे.

२३/२६
हॅमिल्टनने पहिले विश्वविजेतेपद २००८ मध्ये मॅक्लारेनकडून जिंकले. २०१३ मध्ये तो मर्सिडीजला गेला. उरलेली सहा विजेतीपदे त्याने तेथेच मिळवली. त्या वेळी तो मॅक्लारेनमध्येच राहिला असता, तर आज ज्या मर्सिडीजनिष्ठेचे गोडवे गायले जातात, ती जन्मालाच आली नसती. निष्ठेची प्रत्येक लांब कहाणी बहुधा आधीच्या एका निरोपातून सुरू होते. हजारे यांची बडोद्यातील २० वर्षे तशीच सुरू झाली.

२४/२६
त्या निरोपातून क्रिकेटला काय मिळाले, तेही मोजावे. मार्च १९४७, बडोदा, रणजी अंतिम सामना, समोर होळकर. गुल महंमद ३१९, विजय हजारे २८८. चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा. कोणत्याही गड्यासाठीचा हा जागतिक विक्रम २००६ मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडला. सांगलीचा ख्रिस्ती आणि लाहोरचा मुसलमान, फाळणीला पाच महिने उरले असताना, एका मराठी राजाच्या संघासाठी एकत्र उभे होते. पुढे गुल महंमद पाकिस्तानकडूनही कसोटी खेळले.

२५/२६
फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. कर्णधार होते विजय हजारे. १२ बळी घेणारे होते विनू मांकड. संघ बदललेल्या दोघांनी देशाला पहिला विजय दिला. संस्थानी आश्रय आदर्श होता असे मात्र नव्हे. राजाच्या मर्जीवर खेळाडूची रोजीरोटी अवलंबून असणे वाईटच. पण त्या वाईटाचा उपाय संघटनांनी खेळाडूला सन्मानाने जगवणे हा होता. ते न करता त्याने अर्धपोटी टिकून राहावे, ही अपेक्षा निष्ठेची नव्हे, फुकट चाकरीची आहे.

२६/२६
पुढच्या वेळी कोणी विजेता संघ सोडेल, तेव्हा चार प्रश्न विचारावेत. जाण्यापूर्वी त्याने आपले काम पूर्ण केले का? तो उघड गेला का? त्याला राखण्यासाठी संघाने काय केले? आणि तोच आपल्याकडे आला असता, तर आपण कोणता शब्द वापरला असता? हजारे पहिल्या दोन प्रश्नांत उत्तीर्ण होतात. उरलेली दोन उत्तरे त्यांनी नव्हे, इतरांनी द्यायची आहेत. देशाची राष्ट्रीय एकदिवसीय स्पर्धा आज विजय हजारे यांच्या नावाने खेळली जाते. तिच्यात महाराष्ट्रही उतरतो आणि बडोदाही.

(धागा समाप्त)